कनेक्टर निवडताना: डेटाशीटमधल्या अँपिअरपासून क्रिंपच्या उंचीपर्यंत

उपकरण डिझाइन करताना मोटर, कंट्रोलर, सेन्सर आणि पॉवर सप्लाय यांच्यावर आठवडेच्या आठवडे खर्ची पडतात. कनेक्टर मात्र शेवटच्या दोन दिवसांत, हाताला लागेल त्या कॅटलॉगमधून उचलले जातात. पुढे तक्रारी येतात त्या बहुतेकदा त्यांच्याच. यंत्र मधूनच बंद पडतं, केबल हलवली की चालू होतं, रीडिंग उगाच डुलतं, एखादं हाउसिंग, म्हणजे कनेक्टरचं प्लास्टिकचं घर, पिवळं पडून वितळतं. याचं कारण साधं आहे. बोर्डवरचा सोल्डरचा सांधा एकजीव असतो. कनेक्टरमध्ये दोन धातू एकमेकांवर नुसते दाबून धरलेले असतात आणि त्यांच्यामध्ये ऑक्साइड, धूळ, ओलावा, हादरे यांना शिरायला कायम जागा असते.

दुसरी गोष्ट म्हणजे कनेक्टर ही एकटी वस्तू नसते. वायर, क्रिंप (तारांवर धातू दाबून केलेली पकड), पिन, सॉकेट, हाउसिंग, सील, मागचा क्लॅम्प असं मिळून ते काम चालतं. यातलं जे सगळ्यात कच्चं, तीच त्या जोडणीची खरी क्षमता. पिन १३ अँपिअरची असली आणि तिला २२ एडब्ल्यूजीची (वायरच्या जाडीचं अमेरिकन माप, आकडा मोठा तितकी वायर बारीक) वायर लावली, तर ती जोडणी १३ अँपिअरची राहत नाही. म्हणून निवड करायची ती आख्ख्या जोडणीची.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरतो. पावडर तोलून पोत्यांत भरणारं एक यंत्र घ्या. त्यात २४ व्होल्ट डीसीवर १५ अँपिअर घेणारी मोटर आहे, वजनासाठी लोड सेल आहे, कंट्रोलरला जाणारी इथरनेट केबल आहे. धूळ भरपूर, हादरे सतत, आणि पाळी संपली की पाण्याच्या फवाऱ्याने धुणं.

कॅटलॉग उघडण्याआधी

प्रत्येक जोडणीसाठी एक ओळ लिहून काढा. सततचा करंट किती, चालू होतानाचा झटका किती आणि किती वेळ. व्होल्टेज किती, एसी की डीसी. सिग्नल असेल तर तो व्होल्टमध्ये आहे की मिलिव्होल्टमध्ये. कनेक्टरच्या आसपासची हवा जास्तीत जास्त किती तापते. खोलीचं तापमान इथे कामाचं नाही, बंद पेटीतलं हवं. पाणी, तेल, धूळ, डिटर्जंट यांतलं काय अंगावर येणार. आयुष्यात किती वेळा काढघाल होणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती कोण करणार, हातमोजे घालून करणार का, वीज चालू असताना करणार का.

शेवटचा प्रश्न बहुतेक जण टाळतात. ‘वीज बंद करूनच काढावे’ असं मॅन्युअलमध्ये लिहिलं की आपली जबाबदारी संपली, असं मानलं जातं. यंत्र अडलेलं असताना कोणी मॅन्युअल वाचत नाही. चालू विजेवर कनेक्टर ओढला जाणारच, असं धरून निवड करा.

काढघालीचे आकडे पाहून नवख्यांना आश्चर्य वाटतं. साध्या यूएसबी-ए कनेक्टरसाठी १,५०० वेळा, तर यूएसबी-सीसाठी १०,००० वेळा काढघालीची अपेक्षा असते. इथरनेटच्या आरजे४५ साठी साधारण ७५०. पेटीच्या आतल्या बऱ्याच वायर-टू-बोर्ड कनेक्टरांसाठी हा आकडा अवघा ३० असतो. त्यात चूक काही नाही, ते एकदा लावून विसरण्यासाठीच बनवलेले असतात. चूक होते ती टेस्ट बेंचवर. तिथे तोच कनेक्टर दिवसातून पन्नासदा काढला जातो आणि नंतर ग्राहकाकडे ढिला होऊन पोहोचतो. टेस्ट बेंचला मधे एक बदलता येण्याजोगी छोटी केबल ठेवा, झिजायचं ते तिलाच झिजू द्या.

अँपिअरचा आकडा खरा कशाचा असतो

डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा करंट बहुतेक वेळा अशा अटीवर दिलेला असतो की पिनचं तापमान भोवतालपेक्षा ३० अंश सेल्सिअसने वाढलं पाहिजे, त्याहून जास्त नाही. तोही अनेकदा चांगल्या जाड वायरीवर, मोकळ्या हवेत, कधी कधी एकाच पिनमधून करंट सोडून मोजलेला. शेजारच्या सगळ्या पिनांमधून एकाच वेळी करंट वाहू लागला की आतल्या पिनांची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणूनच चांगल्या डेटाशीटमध्ये डीरेटिंगचा, म्हणजे तापमान वाढेल तसा करंट किती कमी करायचा याचा, आलेख असतो. आडव्या अक्षावर भोवतालचं तापमान, उभ्यावर पिनमागे चालणारा करंट. आयईसी ६०५१२ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेतल्या पद्धतीने हा आलेख काढतात आणि मोजलेल्या वक्राच्या ८० टक्क्यांवरचा वक्र वापरायचा, असा शिरस्ता आहे. ज्या कनेक्टरचा आलेखच मिळत नाही तो जड कामासाठी मी तरी घेणार नाही.

आलेख नसताना अंदाज असा बांधता येतो. समजा पिन ९ अँपिअरला ३० अंश तापते आणि हाउसिंगची कमाल मर्यादा १०५ अंश आहे. पेटीच्या आत हवा ८५ अंशांपर्यंत जाते. म्हणजे हातात उरले २० अंश. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून २० ला ३० ने भागून वर्गमूळ काढा, ते येतं ०.८२. नऊ गुणिले ०.८२ म्हणजे ७.४ अँपिअर. त्याचे ८० टक्के धरले की ५.९. कागदावरचा ९ अँपिअरचा कनेक्टर तुमच्या पेटीत ६ अँपिअरचाही भरत नाही.

आता आपली १५ अँपिअरची मोटर. अशा तीन पिना समांतर जोडल्या तर १७.६ होतात, म्हणजे भागलं असं वाटतं. पण समांतर पिनांमध्ये करंट सारखा वाटला जात नाही. ज्या पिनचा रोध कमी ती जास्त ओढते, आणि एखादी पिन सैल झाली की तिचा वाटा बाकीच्यांवर पडतो. आकड्यांत धरायचं तर चार पिना लागतील. माझं मत विचाराल तर समांतरच्या भानगडीत न पडता एकच मोठी पिन घ्यावी. सीलबंद चौकोनी कनेक्टरांमध्ये डॉइश डीटी मालिकेची पिन १३ अँपिअरची आणि डीटीपीची २५ अँपिअरची असते. आपल्या मोटरला दुसरी, तीही आलेख तपासून.

समांतर पिनांचं गणित किती ताणता येतं, याचं गाजलेलं उदाहरण ग्राफिक्स कार्डांचं आहे. १२व्हीएचपीडब्ल्यूआर नावाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ६०० वॉट, म्हणजे ५० अँपिअर न्यायचे होते आणि ते सहा पिनांत वाटायचे होते. पिनमागे ८.३ अँपिअर, मर्यादेच्या अगदी काठाशी. २०२२ च्या अखेरीस काही कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, आणि प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक ठळक कारण निघालं. नंतरच्या १२व्ही-२x६ या आवृत्तीत जोडणी ओळखणाऱ्या छोट्या सेन्स पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला असेल तर कार्डाला पूर्ण ताकद मागताच येऊ नये. यातून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं, की काठावरचं डिझाइन प्रयोगशाळेत चालतं, पण माणसाच्या हाती पडलं की त्याला माफी नसते.

उष्णतेचं गणित रोधावर फिरतं. आपल्या १५ अँपिअरच्या मोटरला जोडणीचा रोध ३ मिलिओहम असेल तर तिथे ०.७ वॉटही जळत नाहीत. काही वर्षांनी गंज, झीज होऊन तो २० मिलिओहम झाला की ४.५ वॉट, आणि तेही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. तापलं की स्प्रिंगचा दाब कमी होतो, दाब कमी झाला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं. वितळलेल्या प्रत्येक कनेक्टरचा प्रवास साधारण असाच झालेला असतो.

व्होल्टेज आणि ठिणगी

छापील व्होल्टेज पाहताना दोन अंतरं तपासा. दोन पिनांमधलं हवेतलं सरळ अंतर आणि प्लास्टिकच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर. धूळ आणि ओल असेल तिथे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण आपली पावडर पृष्ठभागावर साचून वाट तयार करते. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर हवा विरळ होते, तिथे पहिलं अंतर वाढवून धरावं लागतं.

डीसीचा खरा त्रास तोडताना होतो. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते. डीसीला ती सवड नाही. साधारण १२ व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरच्या पुढे चालू लोड तोडला की पिनांच्या टोकांशी आर्क, म्हणजे टिकून राहणारी ठिणगी, धरायला सुरुवात होते आणि ४८ व्होल्टला तर तो डोळ्यांना स्पष्ट दिसतो. प्रत्येक वेळी मुलामा थोडा जळतो. सोलर पॅनेलच्या एमसी४ कनेक्टरवर लोड चालू असताना उघडू नये अशी सूचना छापलेली असते ती यामुळेच.

यावर उपाय तीन. पहिला, लोड तोडायचं काम स्विचला किंवा कॉन्टॅक्टरला (विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचला) द्या, कनेक्टरला नको. दुसरा, कनेक्टरमध्ये एक आखूड पिन ठेवा. ती आधी सुटते, कंट्रोलरला सिग्नल जातो, तो मोटर बंद करतो आणि मग मुख्य पिना सुटतात. अर्थिंगची पिन मात्र उलट, सगळ्यांत लांब. आधी लागते आणि शेवटी सुटते. तिसरा उपाय मोठे कपॅसिटर असलेल्या कंट्रोलरसाठी. जोडतानाची ठिणगी टाळायला मधे रोध घालून आधी चार्ज करायचं. बॅटरीवाल्यांच्या ओळखीच्या एक्सटी९०-एस कनेक्टरात हा रोध आतच बसवलेला असतो.

इथरनेटवरून वीज जाते तिथेही हाच प्रश्न आहे. पीओई, म्हणजे इथरनेट केबलवरूनच वीज देण्याची पद्धत. तिच्या सर्वांत वरच्या प्रकारात केबलवर ९० वॉटपर्यंत सोडतात आणि चालू असताना प्लग ओढला की बारीक आर्क होतो. चांगल्या आरजे४५ मध्ये तो आर्क पिनच्या टोकाकडे होतो, कायमचा संपर्क जिथे टेकतो तिथे नाही. डेटाशीटमध्ये पीओई लोडखाली काढघालीची चाचणी केल्याचा उल्लेख शोधा.

छोट्या सिग्नलला सोनं का लागतं

जास्त करंटच्या जोडणीत ऑक्साइडचा पातळ थर व्होल्टेजच्या जोरावर फुटून जातो. मिलिव्होल्टच्या सिग्नलमध्ये ती ताकदच नसते. लोड सेलला १० व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला त्यातून साधारण २० मिलिव्होल्ट मिळतात. दहा हजारांत एक भाग वाचायचा म्हणजे २ मायक्रोव्होल्टचा खेळ. इथे पिनेवर कथिलाचा मुलामा नको. सोन्याचा मुलामा हवा, तो निकेलच्या थरावर हवा, आणि त्याची जाडी विचारा. ०.७६ मायक्रॉन सोनं हा औद्योगिक कामाचा रूढ आकडा आहे. ‘गोल्ड प्लेटेड’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो बहुधा फ्लॅश असतो, ०.१ मायक्रॉनच्या आसपासचा. दिसायला तितकाच पिवळा, पण थोड्या काढघालीत उडणारा.

कथील वाईट असतं असं नाही. भरपूर दाब असेल आणि जागचं हलत नसेल तर वर्षानुवर्षं चालतं. त्याचा शत्रू म्हणजे सूक्ष्म घासणं. हादऱ्यांमुळे किंवा गरम-थंड होण्यामुळे दोन पृष्ठभाग काही दशांश मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंत मागेपुढे सरकतात. दर वेळी ताजं कथील उघडं पडतं, त्याचं ऑक्साइड होतं, त्याचा काळा चुरा साचतो आणि रोध वर जातो. आपल्या यंत्राच्या हादऱ्यांमध्ये कथील सिग्नलसाठी बाद. आणि एका बाजूला सोनं, दुसऱ्या बाजूला कथील अशी जोडी तर कधीच लावू नका. सोन्याचे पैसे जातात आणि कथिलाचे सगळे दोष राहतात. चांदी मोठ्या करंटला उत्तम, पण गंधकयुक्त हवेत काळी पडते, त्यामुळे बारीक सिग्नलला तीही नको.

हा फरक वजनात किती दिसतो ते पाहा. लोड सेलचा रोध ३५० ओहम. चार वायरींच्या जोडणीत पुरवठ्याच्या वाटेवर कनेक्टरचा रोध ५० मिलिओहमने बदलला तर ३५० च्या मानाने ०.०१४ टक्के फरक पडतो. ५० किलोच्या पोत्यावर हा ७ ग्रॅम होतो. म्हणून अचूक कामाला सहा वायरींचा लोड सेल घ्या. त्यातल्या दोन जादा वायरी सेलच्या तोंडाशी प्रत्यक्ष पोहोचलेलं व्होल्टेज मोजून आणतात आणि कनेक्टरचा दोष हिशेबातून वजा होतो. अर्थात त्या दोन वायरी कनेक्टरच्या अलीकडे, कंट्रोलरच्या बाजूलाच, जोडून टाकल्या तर सगळं मुसळ केरात.

थर्मोकपल या तापमान मोजणाऱ्या सेन्सरची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे पिन सोन्याची असूनही चालत नाही, ती थर्मोकपलच्याच मिश्रधातूची लागते. तांब्या-पितळेच्या पिना घातल्या आणि कनेक्टरच्या दोन टोकांत १० अंशांचा फरक पडला, तर रीडिंगही जवळपास तितकंच चुकतं. थर्मोकपलचे छोटे चपटे प्लग यासाठीच मिळतात. त्यांतली रुंद पिन ऋण असते, म्हणजे उलटं लागायचा प्रश्नच येत नाही.

पाणी, धूळ, हादरे

आयपी हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. आयपी६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास. त्याचा अर्थ जोराच्या फवाऱ्याला टिकतं असा नाही. फवाऱ्यासाठी आयपी६६ ची वेगळी चाचणी असते, म्हणून धुण्याच्या ठिकाणी दोन्ही खुणा शोधा. गरम पाण्याच्या प्रेशर गनने जवळून धुणार असाल तर आयपी६९ लागेल. त्या चाचणीत पाणी ८० अंश तापलेलं आणि ८० ते १०० बार दाबाचं असतं. हे सगळे आकडे प्लग आणि सॉकेट जोडलेले असतानाचे. प्लग काढून ठेवला की उघड्या सॉकेटला आयपीचं काही संरक्षण नाही, म्हणून साखळीचं झाकण सोबतच मागवा.

पाणी बहुतेक वेळा समोरून येत नाही, मागून येतं. धुण्याआधी यंत्र गरम असतं, थंड पाणी पडलं की पेटीतली हवा आकसते आणि जिथे फट असेल तिथून पाणी आत ओढलं जातं. वायरच्या इन्सुलेशनला कुठे चीर असली तर आतल्या तारांच्या बेचक्यातून ते सरकत कनेक्टरपर्यंत पोहोचतं. उपाय असे: पेटीला हवा ये-जा करू देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट प्लग लावा. कनेक्टरच्या न वापरलेल्या भोकांमध्ये सील प्लग घाला. वायरचा बाहेरचा व्यास सीलला दिलेल्या मर्यादेत आहे ना ते मोजा. बारीक वायर जाड सीलमध्ये बसलेली दिसते, पण पाणी अडवत नाही. केबल कनेक्टरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडतात.

हादऱ्यांसाठी निव्वळ घर्षणावर धरणारा कनेक्टर घेऊच नका. खटका, आटे किंवा बायोनेट (घालून थोडं फिरवलं की अडकणारा) हवा. गाड्यांच्या आणि यंत्रांच्या कनेक्टरांमध्ये आणखी दोन युक्त्या असतात. एक दुय्यम लॉक, जो पिन हाउसिंगमध्ये पूर्ण बसली नसेल तर बंदच होत नाही. दुसरा, प्लग पूर्ण लागल्याशिवाय सरकत नाही असा छोटा खटका. हे दोन्ही मिळत असतील तर थोडा मोठा कनेक्टर परवडला.

आता कनेक्टरांची घराणी

सेन्सर आणि फील्डच्या जोडण्यांसाठी एम१२, म्हणजे १२ मिलिमीटर आट्यांचा गोल कनेक्टर, हा सरधोपट आणि चांगला पर्याय आहे. त्यात कोडिंग, म्हणजे खाचांची आणि पिनांची मांडणी, बघा. ए कोडिंग सेन्सरचं, डी १०० मेगाबिट इथरनेटचं, एक्स १० गिगाबिटपर्यंतच्या इथरनेटचं, एल डीसी पॉवरचं. चुकीचं कोडिंग एकमेकांत बसत नाही, हा त्यांचा मोठा गुण. आपल्या यंत्रावरच्या इथरनेटला मी एम१२ डी किंवा एक्सच घालीन. आरजे४५ ची प्लास्टिकची जीभ पावडरीत आणि हादऱ्यांत फार दिवस टिकत नाही.

मोटर आणि लोड सेल एकाच मोठ्या कनेक्टरमधून न्यायचा मोह होईल, कारण भोक एकच पाडावं लागतं. नको. मोटर ड्राइव्हचं स्विचिंग शेजारच्या पिनेतल्या मायक्रोव्होल्टची वाट लावतं. आणि दोन सारखे कनेक्टर शेजारी आले तर त्यांना वेगळी की, म्हणजे चुकीचा प्लग अडवणारी खाच, द्या किंवा पिनांची संख्या वेगळी ठेवा. रंगाच्या टेपवर विसंबू नका.

पेटीच्या आत पिचकडे, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधल्या अंतराकडे, लक्ष द्या. २.५ आणि २.५४ मिलिमीटर हे दोन वेगळे पिच आहेत. दोन-तीन पिनांना एकमेकांत बसतात, दहा पिनांवर फरक ०.३६ मिलिमीटर होतो आणि मग जोर लावून बसवलेल्या शेवटच्या पिना कायम ताणाखाली राहतात. मेन्सच्या (मुख्य वीजपुरवठ्याच्या) इनलेटला आयईसी सी१३ आणि सी१४ ची १० अँपिअरची जोडी पुरते, १६ साठी सी१९ आणि सी२०. गरम उपकरणाला १२० अंशांपर्यंत चालणारा सी१५ असतो, सी१३ ची मर्यादा ७० अंशांची आहे.

आरएफचं, म्हणजे रेडिओ वारंवारितेच्या सिग्नलचं, काम असेल तर दोन सापळे लक्षात ठेवा. ५० आणि ७५ ओहमचे बीएनसी प्रकारचे कनेक्टर एकमेकांत बसतात आणि गपचूप चुकीचं मोजमाप देतात. एन प्रकारात मात्र ५० ओहमच्या प्लगची मधली पिन जाड असते, ती ७५ ओहमच्या सॉकेटमध्ये घुसवली की सॉकेट गेलं. एसएमए प्रकारचा कनेक्टर घट्ट करायला टॉर्कचा पाना वापरा. स्टेनलेस स्टीलला साधारण १ न्यूटन मीटर, पितळेला त्याच्या निम्म्याच्या जवळपास.

वायर आणि क्रिंप

कनेक्टर बिघडला म्हणून जे परत येतं, त्यात कितीदा तरी कनेक्टर ठीक असतो आणि क्रिंप वाईट असतो. इथे वेळ घालवणं सार्थकी लागतं.

वायरचा गेज आधी व्होल्टेज ड्रॉपने ठरवा. २२ एडब्ल्यूजीच्या एका मीटरचा रोध सुमारे ५३ मिलिओहम असतो. ५ व्होल्टवर ३ अँपिअर एक मीटर लांब न्यायचे तर जाऊन-येऊन दोन मीटर वायर होते आणि ०.३२ व्होल्ट वाटेतच जातात. मोटरला १२ एडब्ल्यूजी घेतली तर मीटरला ५ मिलिओहमच्या थोडं वर. मग ती वायर घेणारीच पिन निवडा. पिनमागे वायरची जी मर्यादा दिलेली असते तिच्या बाहेर जाऊन अर्ध्या तारा कापून बसवणं हा गुन्हा समजा. आणि फ्यूज असा हवा, की जोडणीतल्या सगळ्यात कच्च्या भागाच्या आधी तो उडेल.

क्रिंप चांगला झाला आहे की नाही ते दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहा. टर्मिनलला, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या पिनेला, मागे दोन कवेत घेणारे भाग असतात, एक तारांना धरणारा आणि एक इन्सुलेशनला. दोन्हींच्या मधल्या खिडकीत तुम्हाला थोडी उघडी तार आणि इन्सुलेशनची कड अशी दोन्ही दिसली पाहिजेत. नुसती तार दिसली तर वायर जास्त सोलली गेली, नुसतं इन्सुलेशन दिसलं तर कमी, आणि मग तारांऐवजी प्लास्टिक दाबलं गेल्याची शक्यता. पुढच्या बाजूला तारांची टोकं किंचित डोकावलेली हवीत, पण पिन लागते त्या भागात घुसलेली नकोत. तारा धरणाऱ्या भागाचे दोन पंख आतल्या बाजूला वळून एकमेकांना भिडलेले असावेत, एकही तार बाहेर सुटलेली नसावी, आणि मागच्या काठाशी कर्ण्यासारखा हलका फुगार दिसावा. तो नसेल तर धारदार काठ तारा कापत राहतो. बाजूचा लॉकिंग काटा वाकलेला असेल तर टर्मिनल हाउसिंगमध्ये कट्‌कन बसल्यासारखं वाटेल आणि पहिल्याच ओढीला मागे येईल.

हे जमायला त्या टर्मिनलसाठी बनवलेलं रॅचेटचं क्रिंपिंग टूल लागतं. सगळ्याला चालणारा पक्कड-क्रिंपर कशालाच नीट चालत नाही. महाग वाटलं तर तयार क्रिंप केलेल्या वायरी घ्या, पण पकडीने चेपून वर सोल्डर ओतू नका. सोल्डर तारांत वर चढतो, तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यात नेमकी त्या कडेला तुटते. स्क्रू टर्मिनलमध्ये घालायच्या तारांनाही सोल्डर लावू नका. दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि स्क्रू सैल होतो. तिथे फेरूल, म्हणजे तारांवर दाबायची धातूची बारीक नळी, लावा.

मोठी बॅच असेल तर दोन मोजमापं ठेवा. क्रिंपची उंची टोकदार मायक्रोमीटरने, टर्मिनलच्या कागदावर दिलेल्या मर्यादेत. आणि काही नमुने ओढून तोडा. यूएल ४८६ए या मानकाच्या कोष्टकात १८ एडब्ल्यूजीला ८९ न्यूटन, २२ एडब्ल्यूजीला ३६ न्यूटन ओढ सोसायला हवी असं दिलं आहे. ओढ घेताना इन्सुलेशनचा क्रिंप उघडा ठेवा, नाहीतर तोच सगळा भार घेतो आणि खोटा दिलासा मिळतो. कारागिरी कशी तपासावी यासाठी आयपीसी/डब्ल्यूएचएमए-ए-६२० हे मानक जगभर वापरलं जातं, त्यातली चित्रं भिंतीवर लावण्यासारखी आहेत.

मागचं सामान

ॲक्सेसरी म्हणून जे वेगळं मागवावं लागतं, ते विसरलं जातं. बॅकशेल (कनेक्टरच्या मागचं कवच), क्लॅम्प, ग्लँड (केबल घट्ट धरणारं तोंड), झाकणं, सील प्लग, कोडिंगच्या कळा, पिन काढायचं टूल. ऑर्डर देताना कनेक्टरच्या पार्ट नंबरखाली हे सगळे नंबर लिहूनच पाठवा. बऱ्याच गोल कनेक्टरांमध्ये तर पिनाही वेगळ्या मागवाव्या लागतात.

केबलची ओढ पिनांवर कधीच येऊ नये, ती क्लॅम्पवर किंवा ग्लँडवर यावी. केबलचा वाक कनेक्टरपासून लगेच सुरू होऊ देऊ नका. जागेवर स्थिर केबलला व्यासाच्या चार ते सहापट त्रिज्या आणि सतत हलणाऱ्या केबलला दहापटीच्या आसपास, असा ढोबळ हिशेब आहे. केबल बनवणाऱ्याचा आकडा मिळाला तर तोच घ्या. श्रिंक ट्यूब आतून गोंद असलेली, तिप्पट आकसणारी घेतली की ती पाणीही अडवते आणि ओढही सोसते.

शिल्ड, म्हणजे केबलच्या आतली धातूची जाळी, जोडताना तिची वेणी करून एका पिनेला सोल्डर करायची जुनी सवय आहे. ५ सेंटिमीटरच्या वेणीचं इंडक्टन्स साधारण ५० नॅनोहेन्री होतं, म्हणजे ३० मेगाहर्ट्झला जवळपास ९ ओहम. ड्राइव्हच्या गोंगाटाला ही उघडी खिडकीच. धातूचं बॅकशेल घ्या, शिल्ड चहूबाजूंनी त्याखाली दाबा, आणि पेटीच्या ज्या जागी कनेक्टर टेकतो तिथला रंग खरवडून काढा. हे शेवटचं फार जण विसरतात.

लावल्यावर तपासणी

मल्टिमीटरचा बझर वाजला म्हणजे जोडणी चांगली असं नाही. बझर कित्येक ओहमलाही वाजतो. खरी चाचणी लोडखाली. मोटर १५ अँपिअरवर चालू ठेवा, मीटर मिलिव्होल्टवर घ्या आणि प्लगच्या मागच्या वायरपासून सॉकेटच्या मागच्या वायरपर्यंत मोजा. ४५ मिलिव्होल्ट आले तर ३ मिलिओहम, ठीक. १५० आले तर १० मिलिओहम, थांबून कारण शोधा. सगळ्या जोडण्यांचे हे आकडे पहिल्या दिवशीच लिहून ठेवले की वर्षाने झालेली वाढ कळते, आणि तीच सगळ्यात कामाची माहिती असते.

तासभर लोडवर ठेवून तापमान पाहा. थर्मल कॅमेऱ्याला चकचकीत धातू थंडच दिसतो, म्हणून तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. मग सिग्नलचं रीडिंग पाहत प्रत्येक केबल हाताने हलवा, दोन्ही बाजूंना. रीडिंग उडी मारत असेल तर ते आताच सापडलेलं बरं.

देखभालीत सोन्याच्या पिनांना सँडपेपर किंवा खोडरबर लावू नका, मुलामा निघून जातो. अवशेष न ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात चालतो, पण रबर त्या ग्रीसला चालणारं आहे ना ते बघा. सिलिकॉन रबराला सिलिकॉन ग्रीस फुगवतं. वितळलेला किंवा पिवळा पडलेला कनेक्टर बदलताना प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, वायरचं काळं पडलेलं टोकही कापून टाका. नवा प्लग भाजलेल्या सॉकेटमध्ये घातला की काही दिवसांत तोही जातो.

खरेदी अधिकृत वितरकाकडून करा. नकली पिना बाहेरून हुबेहूब असतात, फरक असतो स्प्रिंगच्या धातूत आणि मुलाम्याच्या जाडीत, आणि तो दिसत नाही. दोन कंपन्यांचे ‘कंपॅटिबल’ अर्धे भाग एकमेकांत घालू नका, एमसी४ च्या बाबतीत तर हे आगीचं ठरलेलं कारण आहे. प्रत्येक प्रकाराच्या थोड्या जादा पिना, दोन-चार हाउसिंग, सील आणि पिन काढायचं टूल यंत्रासोबतच एका पिशवीत घालून पेटीच्या दाराला आतून लावून ठेवा.